उत्क्रांती पाहिली कुणी?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एक वैदिक संमेलन भरले होते. त्या वेळचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह त्या निमित्ताने शहरात आले आणि डार्विनचा उत्क्रांतिवाद शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे जाहीर करून गेले. वानराचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कुणी लिहून वा सांगून ठेवलेले नाही, हा त्यांचा पुरावा होता. म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल झाला पाहिजे, ही त्यांची मागणी होती. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्रितपणे याचा प्रतिवाद केला. वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळण्यास सांगितले. प्रकरण मिटले, असे अनेकांना वाटले.

ते मिटले नव्हते. करोनाच्या काळात विद्यार्थ्यांवरील ओझे हलके करण्याचे निमित्त झाले आणि २०२३ च्या नव्या पुस्तकांत राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानातील ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या धड्यात केवळ ‘आनुवंशिकता’ उरली. अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी एका आवाहनाद्वारे त्याचा निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती कायम आहे, असे उत्तर त्यावर देण्यात आले. परंतु दहावीनंतर जीवशास्त्र घेणारे विद्यार्थी किती, आणि त्यांत कोरडवाहू शेतकऱ्याची, ऊसतोड कामगाराची मुले किती, हा प्रश्न विचारण्याची गरज उत्तर देणाऱ्यांना वाटली नाही. जो विषय सर्वांचा होता तो थोड्यांचा झाला. आमच्या मते या प्रश्नाचे खरे मर्म येथे आहे.

उत्क्रांतीचा वाद हा धर्मवादी आणि बुद्धिवादी यांच्यातील एक जुना, पुस्तकी वाद आहे, भाकरीच्या लढ्याशी त्याचा काही संबंध नाही, असे आपल्या चळवळीतील अनेकांनाही वाटत असते. हा समज किती चुकीचा आहे, हे पाहायला मराठवाड्याच्या बाहेर जाण्याचे कारण नाही. मंत्रिमहोदय औरंगाबादेत बोलत होते त्याच हंगामात शहराच्या वेशीबाहेर, फुलंब्री, सिल्लोड, पैठणच्या शिवारांत, पलीकडे जालना, परभणी, बीडमध्ये आणि वर विदर्भात कापसाची बोंडे आतून पोखरलेली होती. डोमकळ्या लागत होत्या, हातात कवडी कापूस येत होता आणि वेचणीची मजुरीही सुटेना म्हणून शेतकरी उभ्या पिकात नांगर घालत होते. गुलाबी बोंडअळी मारण्यासाठीच जे बियाणे आणले होते त्या बियाण्याच्या बोंडात ती सुखाने वाढत होती. उत्क्रांती कुणी पाहिली, असे मंत्री विचारत होते. ती पाहणारे लोक सभामंडपाबाहेर रांगेत नुकसानभरपाईचे अर्ज भरत होते.

जे घडले ते नीट समजून घेतले पाहिजे. मातीत सापडणारा बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जीवाणू काही विशिष्ट अळ्यांना मारक ठरणारे प्रथिन तयार करतो. त्या प्रथिनाचे जनुक कापसात घातले की झाडच ते विष बनवू लागते. अळीने झाड कुरतडले की हे प्रथिन तिच्या आतड्यातील पेशींवरच्या ठराविक प्रथिनांना जाऊन चिकटते, पेशींना छिद्रे पडतात आणि अळी मरते. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. तंत्रज्ञान मोन्सँटो या अमेरिकन कंपनीचे होते. २००६ मध्ये दोन विषांची जनुके असलेले बियाणे आले आणि काही वर्षांतच जवळजवळ सारे कापूसक्षेत्र त्याने व्यापले. सुरुवातीला अळी हटली, फवारणी घटली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परंतु कोणत्याही जीवाचे सगळे प्राणी एकसारखे नसतात. लाखो अळ्यांत काही मोजक्या अशा असतात, की त्यांच्या आतड्यातील त्या प्रथिनाचा आराखडा किंचित वेगळा असतो आणि विष त्याला चिकटू शकत नाही. असे फेरफार जनुकांत आपोआप, कसल्याही हेतूवाचून होत असतात. विष नसलेल्या शेतात या वेगळेपणाचा अळीला काहीच लाभ नसतो. सगळे शिवार विषारी झाले, की मात्र बाकीच्या मरतात आणि या मोजक्या उरतात. पुढची पिढी त्यांची असते. एका हंगामात बोंडअळीच्या अनेक पिढ्या होतात. पिढीमागून पिढी त्या वेगळ्या जनुकाचे प्रमाण वाढत जाते आणि एक दिवस शेतातील सामान्य अळीच विष पचवणारी झालेली असते. यात एकाही अळीने स्वतःला बदललेले नाही, कुणी काही ठरवलेले नाही. बदलला तो समुदाय. १८५९ मध्ये डार्विनने ज्याला नैसर्गिक निवड म्हटले ती हीच. २०१० मध्ये मोन्सँटोनेच गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत पहिल्या विषाला अळी दाद देत नसल्याचे मान्य केले. पुढील चार-पाच वर्षांत गुजरातेत दोन्ही विषे निकामी ठरली. २०१७ मध्ये महाराष्ट्राची पाळी आली.

हे अटळ होते काय? नव्हते, आणि सत्ताधाऱ्यांना व कंपन्यांना जाब विचारला पाहिजे तो यासाठीच. विष पचवण्याचा हा गुण सहसा आई आणि बाप या दोघांकडूनही आला तरच अळी वाचते. शेजारी साध्या, बिगर-बीटी कापसाचा पट्टा असेल तर तेथे असंख्य दुर्बळ पतंग वाढतात, वाचलेल्या मोजक्या पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि त्यांची पिल्ले पुन्हा बीटीवर मरतात. म्हणूनच एक-पंचमांश क्षेत्रावर किंवा कडेच्या पाच ओळींत साधा कापूस लावण्याचा नियम होता आणि ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची वेगळी पुडी येत होती. ती पुडी बहुतेक ठिकाणी बांधावर फेकली गेली. तज्ज्ञांनी शेतकऱ्याच्या अज्ञानाला दोष दिला. पण पुडीच्या मागचे कारण त्याला समजावून सांगण्याची जबाबदारी कुणी घेतली होती? नियम सांगितला, कारण सांगितले नाही. आणि कारण सांगायचे तर नैसर्गिक निवड शिकवावी लागते.

शिवाय येथे केवळ अज्ञानाचा प्रश्न नाही, न्यायाचाही आहे. दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने त्यातला पाचवा हिस्सा अळीच्या तोंडी द्यायचा, त्याची झळ एकट्याने सोसायची आणि त्याचा फायदा मात्र साऱ्या पंचक्रोशीला आणि बियाणे विकणाऱ्याला व्हायचा! अळी विषाने मरते आहे तोवर तिची ती दुर्बलता ही साऱ्या गावाची सामाईक संपत्ती असते, गायरानासारखी, पाणवठ्यासारखी. सामाईक संपत्ती राखायची तर तिचा खर्चही सामाईक असावा लागतो. साधा पट्टा राखणाऱ्याला सरकारने वा कंपनीने मोबदला दिला असता, गावागणिक एकत्रित आखणी केली असती, तर चित्र वेगळे दिसले असते. बाजाराला हे सुचणे शक्य नव्हते. पाकीट विकले गेले की त्याचा व्यवहार पुरा होत होता. पुढे साधे बियाणे त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. पण तोवर अळी जिंकली होती.

दुसरे कारण संकरित बियाण्याचे आहे. जगातील बहुतेक देश बीटी कापूस सरळ वाणांच्या रूपात लावतात. जवळजवळ सारे क्षेत्र संकरित बियाण्याखाली घालणारा मोठा कापूस-देश आपलाच. संकरित वाणाचे बियाणे शेतकऱ्याला राखून ठेवता येत नाही, दरसाल विकत घ्यावे लागते, हे कंपनीच्या सोयीचे आहे. परंतु त्याचा आणखी एक परिणाम होतो. बीटीचे जनुक संकराच्या एकाच पालकाकडून आलेले असले, की त्या झाडाच्या बोंडातील सगळ्या सरक्या सारख्या नसतात; आनुवंशिकतेच्या नियमानुसार चारांतील एका सरकीत ते जनुक उतरत नाही. बोंडअळी सरकी खाऊन जगते. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी सरकी तिला मिळते, आणि विषाशी अर्धवट झुंजून तगणाऱ्या अळीची निवड होत राहते. त्यातही हे वाण सहा-सहा महिने शेतात उभे राहणारे, वर फरदड मार्च-एप्रिलपर्यंत ठेवली जाणारी. म्हणजे अळीला आणखी काही पिढ्यांचे आमंत्रण! अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा अशा अनेक पिकांवर जगते, त्यामुळे तिच्यासाठी साध्या पिकाचा आसरा आपोआप राहिला आणि तिच्यावर बीटी बराच काळ चालले. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ कापसावरच जगते. तिला दुसरा आसराच ठेवला नाही, तेव्हा सगळा भार निवडीवर पडला. एकाच शेतातील दोन अळ्यांच्या वाटा अशा वेगळ्या झाल्या त्या उत्क्रांतीच्या नियमाने.

ज्यांनी हा नियम मानला त्यांना त्याचे फळ मिळाले. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात साध्या कापसाचे पट्टे कसोशीने राखले गेले, पुढे वंध्य पतंग सोडण्याची मोहीम झाली आणि २०१८ मध्ये त्या देशाने आपल्या कापूसक्षेत्रातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. औरंगाबादचे ते भाषण आणि ही घोषणा एकाच वर्षातली आहे! आपल्याकडे काय झाले? २०१७ च्या त्याच हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात राज्य सरकारने कोरडवाहू कापसासाठी हेक्टरी ३०,८०० रुपयांची मदत घोषित केली. रोगाचे निदान मात्र दप्तरी पडून राहिले.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. अळी बदलली खरी, पण ती अळीच राहिली. नवी जात कुठे निर्माण झाली? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. एकमेकांत मिसळत राहणारा समुदाय एकत्रच बदलतो. नवी जात होते ती समुदायाचे दोन तुकडे होऊन त्यांची देवघेव बंद पडली की. रत्नागिरीच्या कातळसड्यांवर जमिनीवरून फिरणारी पांढऱ्या पट्ट्यांची एक पाल आहे. तिचे शास्त्रीय वर्णन १९६३ मध्ये झाले. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर तिच्या नात्यातली, पण वेगळ्या जातीची पाल २००८ मध्ये वर्णिली गेली. मध्ये सह्याद्रीचे कडे आणि दाट रानाचे उतार. उघड्या कातळावर राहणाऱ्या जीवाला ते ओलांडणे कठीण. दोन्हीकडे वेगळे फेरफार साठत गेले, निवड वेगळी झाली आणि एका वंशाचे दोन वंश झाले. सह्याद्रीत बेडूक, पाली, खेकडे यांच्या इतक्या जाती का, याचे उत्तर बव्हंशी या तुटलेपणात आहे. माणसाविषयीही शास्त्र हेच सांगते. आजच्या वानराचा माणूस झाला असे कोणताही शास्त्रज्ञ म्हणत नाही. साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी चिंपांझीचे आणि आपले पूर्वज एक होते, एवढेच तो म्हणतो. जे कुणी म्हटलेच नाही ते खोडून काढणे सोपे असते.

आणि ज्याला नवी जात शेतातच पाहायची असेल त्याने पुन्हा कापसाकडे यावे. आपल्या गावरान कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात. अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातील कापसाच्या एका नातलगाचा आणि अमेरिकेतील एका रानकापसाचा संकर झाला, गुणसूत्रांचे संच दुप्पट झाले आणि एक नवीच जात जन्माला आली. आज गावरान आणि अमेरिकन यांचा थेट संकर केला तर ३९ गुणसूत्रांचे वांझ झाड मिळते. दोन जातींमधली भिंत म्हणतात ती हीच, आणि परभणीच्या संशोधन केंद्राला ती गेली अनेक दशके परिचयाची आहे. माणसाने ही क्रिया प्रयोगशाळेतही घडवली आहे. १९२० च्या दशकात लेनिनग्राडमध्ये गिऑर्गी कार्पेचेंको या शास्त्रज्ञाने मुळा आणि कोबी यांचा संकर केला. दोघांची गुणसूत्रे प्रत्येकी १८. पहिला संकर जवळजवळ वांझ निघाला, पण गुणसूत्रे दुप्पट झालेली ३६ गुणसूत्रांची झाडे फळली. ती आपसांत प्रजनन करत, मुळ्याशी किंवा कोबीशी सहजी नव्हे.

या कार्पेचेंकोचे पुढे काय झाले, हे समाजवादी म्हणवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवले पाहिजे. १९४१ मध्ये स्टालिनच्या राजवटीने त्याला गोळी घातली. त्याचा ज्येष्ठ सहकारी, जगभरच्या बियाण्यांचा थोर संग्राहक निकोलाय वाविलोव १९४३ मध्ये तुरुंगात मेला. लायसेंकोने आनुवंशिकतेचे शास्त्र भांडवलशाही थोतांड ठरवले, १९४८ मध्ये राज्यसत्तेने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि सोव्हिएत शेतीने त्याची किंमत दीर्घकाळ मोजली. सत्तेला न रुचणारे जीवशास्त्र बंद करण्याचा हा प्रयोग लाल झेंड्याखाली झाला म्हणून तो क्षम्य ठरत नाही, आणि संस्कृतीच्या नावाखाली होतो म्हणूनही नाही. त्याच काळात समाजवादी जे. बी. एस. हाल्डेन यांनी नैसर्गिक निवडीला गणिताचा पाया दिला, १९५७ मध्ये ते भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांनी देह ठेवला. आपला वारसा लायसेंकोचा नव्हे, हाल्डेनचा आहे.

उत्क्रांतीच्या नावाने ‘बळी तो कान पिळी’ हे तत्त्व मांडणारेही आहेत, म्हणून काही कार्यकर्त्यांना हा विषय परका वाटतो. परंतु निवडीत टिकतो तो बलवान नव्हे, त्या परिस्थितीला जुळणारा. आणि परस्परसाह्य हेही जुळण्याचे एक साधन आहे, हे क्रोपोटकिनने १९०२ मध्येच दाखवले होते. उलट हे शास्त्र समतेच्या बाजूने एक ठाम साक्ष देते. मराठीत प्राण्यांची ‘जात’ आणि माणसांची ‘जात’ यांना एकच शब्द असावा, हा भाषेचा एक दुर्दैवी अपघात आहे. पालींच्या दोन जातींमध्ये डोंगर उभा असतो. माणसांच्या जातींमध्ये माणसाने घातलेली बंदी असते. मानवजात एकच आहे. जातिभेद हा वंशभेद नव्हे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच ठणकावले होते; आणि आधुनिक जनुकशास्त्राने दाखवले आहे, की सुमारे १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत या देशातील समूह आपसांत मुबलक मिसळत होते, दारे त्यानंतर बंद झाली. ज्यांना ती दारे बंद ठेवायची आहेत त्यांना हा धडा नकोसा वाटावा, यात नवल ते काय?

याच शहरात १९५० मध्ये बाबासाहेबांनी महाविद्यालय उघडले, ते ज्ञान कुणा एका वर्गाचे वतन राहू नये म्हणून. त्या कार्याशी इमान राखायचे तर पुढील गोष्टी केल्या पाहिजेत. राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांतीचा भाग परत आला पाहिजे. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा होता. अभ्यासक्रमाच्या फेररचनेत त्याला हात लागणार नाही, यावर शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला पाहिजे. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांना कमी मुदतीच्या सरळ वाणांच्या आणि लांब धाग्याच्या गावरान कापसाच्या कामासाठी पुरेसा पैसा मिळाला पाहिजे. बियाणे राखण्याचा हक्क शेतकऱ्याच्या हाती राहिला पाहिजे. नवे विषारी वाण आणायचेच असेल तर त्याबरोबर आसऱ्याच्या पट्ट्याचा खर्च समाजाने आणि कंपनीने उचलण्याची कायदेशीर तरतूद आधी झाली पाहिजे.

परंतु सारे काही सरकारवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. गावोगावच्या साथींनी या हंगामात एक काम हाती घ्यावे. कापसाच्या शेतात दहावीच्या मुलांना न्यावे, कामगंध सापळ्यातील पतंग मोजायला लावावेत, हिरवे बोंड फोडून अळी दाखवावी आणि ही येथे जिवंत का राहिली, हे समजावून सांगावे. वेळेवर पऱ्हाट्या उपटण्याचे आणि फरदड न घेण्याचे आवाहन तेथेच, त्याच कारणासह करावे. क्षयाचा जंतू औषधाला दाद का देईनासा होतो, अर्धवट सोडलेली गोळी घातक का, हेही त्याच धड्यातून उमगते. ज्या शेतकऱ्याला हे उमगले तो कृषी सेवा केंद्राच्या फळीसमोर निराळ्या नजरेने उभा राहील. कोणते पाकीट आणि का, असे तो विचारील. त्याने असे विचारू नये, असे वाटणाऱ्यांचीच उत्क्रांती कुणी पाहिली नाही, असा प्रचार चालू राहण्यात सोय आहे.